नारायण विनायक जगताप नावाचा लेखक

चहाचा कप हातात असेल तर उत्तम, नसेल तर आधी घेऊन या. आजची गोष्ट निवांत ऐकण्यासारखी आहे.

१९७४ साल. मुंबईच्या मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली होती. निकाल लागला आणि पहिलं बक्षीस मिळालं ‘कृष्णविवर’ नावाच्या कथेला. लेखक नारायण विनायक जगताप. हे नाव याआधी कुणी ऐकलेलं नव्हतं. कुठल्या मासिकात नाही, दिवाळी अंकात नाही. आणि ते ऐकलेलं असण्याची शक्यताही नव्हती, कारण या नावाचा माणूस अस्तित्वातच नव्हता.

कथा लिहिली होती डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांनी. ते तेव्हा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. आपलं नाव दिसलं तर परीक्षकांवर दडपण येईल, म्हणून त्यांनी नावाची आद्याक्षरं उलटी केली. ज. वि. ना. याचं झालं ना. वि. ज. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, आपल्या हातानं उतरवून काढली. कथेची सुरुवात झाली होती अहमदाबादला, एका परिषदेत. व्यासपीठावरचं व्याख्यान फार कंटाळवाणं होतं, समोर कोरे कागद होते, आणि नारळीकरांनी लिहायला घेतलं. तेव्हा मंडळी, कंटाळवाण्या व्याख्यानांना अगदीच नावं ठेवू नका.

नारळीकर सर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले, वयाच्या ८६व्या वर्षी. त्यांच्या विज्ञानाबद्दल तेव्हा भरपूर लिहून आलं. आज मला बोलायचंय ते या उलट्या नावाच्या लेखकाबद्दल. तो कुठून आला? आणि आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर मुलं वाढवणाऱ्या लोकांना त्याची गोष्ट जवळची का वाटावी?

त्याचं उत्तर आहे बनारसमध्ये.

जयंतरावांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरला झाला, पण ते वाढले बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात. वडील विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजचे रँग्लर. पंडित मदनमोहन मालवीयांच्या बोलावण्यावरून ते बनारसला गेले आणि तिथल्या गणित विभागाचे प्रमुख झाले. आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. म्हणजे बघा, शाळा हिंदी माध्यमाची, मित्र हिंदी बोलणारे, बाजार हिंदीतला, पुढे कॉलेज इंग्रजीतलं. मराठी होती ती घराच्या चार भिंतींच्या आत. आपल्या मुलांची जी परिस्थिती इथं इंग्लंडमध्ये आहे, जवळजवळ तीच.

त्या घरात मोरूमामा राहायला आले. मोरेश्वर हुजूरबाजार, विश्वविद्यालयात गणित शिकायला आलेले. घराच्या भिंतीवर फळे होते. मामा त्यावर एक गणित लिहून ठेवत आणि वर मथळा देत, ‘जे. व्ही. एन. साठी आव्हान’. उत्तर सुटेपर्यंत गणित फळ्यावर तसंच. सुटलं नाही, तर मामा स्वतः सोडवून दाखवत. शाळेच्या अभ्यासाशी त्याचा काही संबंध नसे, गुण नसत, बक्षीस नसे. मामा कोडं घालतोय आणि भाचा डोकं खाजवतोय, एवढंच. ती आद्याक्षरं पुढं अनेक वर्षांनी उलटी होऊन एका कथेखाली आली, हे आठवलं की मला गंमत वाटते.

१९५७ साली बी.एस्सी. करून जयंतराव केंब्रिजला आले. आपल्यापैकी बरेच जण उन्हाळ्यात भारतातून पाहुणे आले की त्यांना केंब्रिजला नेतात. किंग्ज कॉलेजचं चॅपल, समोरची हिरवळ, आणि ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी. त्या हिरवळीवरून चालायचा हक्क फक्त कॉलेजच्या फेलोंना असतो. १९६३ साली जयंतराव त्या किंग्ज कॉलेजचे फेलो झाले. त्याआधी तेही वडिलांसारखेच रँग्लर झाले होते, आणि खगोलशास्त्रासाठीचं टायसन पदकही त्यांनी मिळवलं होतं.

याच किंग्ज कॉलेजात तेव्हा ई. एम. फॉर्स्टर राहत होते. भारतावरच्या कादंबरीमुळे आपण त्यांना ओळखतो. पण त्यांनी १९०९ साली एक विज्ञानकथाही लिहिली होती. माणसं जमिनीखाली आपापल्या खोलीत बसून यंत्राच्या मदतीनंच एकमेकांशी बोलतात, आणि एक दिवस ते यंत्र बंद पडतं. टाळेबंदीच्या काळात ज्यांनी आईवडिलांना फक्त पडद्यावर पाहिलं, त्यांनी ही कथा जरूर वाचावी.

पण लेखक म्हणून जयंतरावांसमोर खरा नमुना होता तो त्यांच्या गुरूंचा. फ्रेड हॉइल. यॉर्कशायरचा हा माणूस एकाच वेळी तीन-तीन कामं करायचा. ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्यं कशी तयार होतात, यावरचं त्याचं संशोधन जगप्रसिद्ध आहे. तो बीबीसी रेडिओवर सामान्य माणसांसाठी बोलायचा. ‘बिग बँग’ हा शब्द आज शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. हॉइलनं तो पहिल्यांदा वापरला १९४९ साली, एका रेडिओ भाषणात, आणि तोही त्या सिद्धांताला विरोध करताना! रेडिओवर बोललेलं किती टिकतं बघा. शिवाय हॉइल विज्ञान कादंबऱ्या लिहायचा. ‘द ब्लॅक क्लाउड’ आली १९५७ साली, म्हणजे जयंतराव केंब्रिजला पोचले त्याच वर्षी. १९६१ साली बीबीसीवर ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका लागली, तिच्या दोन लेखकांपैकी एक हॉइल. ज्युली ख्रिस्ती या नटीचं नाव त्या मालिकेमुळे लोकांना कळलं.

कथा लिहिली म्हणून शास्त्रज्ञाची पत कमी होत नाही, हे जयंतरावांनी रोज डोळ्यांनी पाहिलं. दुसरीही एक गोष्ट ते हॉइलकडून शिकले. बहुमत एका बाजूला असताना दुसरी शक्यता मांडत राहायची. विश्वाला सुरुवात नाही, ते कायम असंच आहे, असं हॉइलचं म्हणणं होतं. १९६१ साली मार्टिन राइल यांनी केंब्रिजच्या रेडिओ दुर्बिणींची निरीक्षणं हॉइलच्या विरोधात मांडली. लंडनच्या सभेत हॉइलना जाता येणार नव्हतं. त्यांची बाजू मांडायला उभा राहिला त्यांचा २२ वर्षांचा विद्यार्थी, जयंत नारळीकर. पुढे विश्वात सगळीकडे पसरलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुतेक सगळे शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. जयंतराव मात्र शेवटपर्यंत विचारत राहिले, की दुसरं काही शक्य आहे का, ते नीट तपासलंय का?

१९६४ साली हॉइल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि वर्तमानपत्रांत एकच गाजावाजा झाला. १९६५ साली, वयाच्या २६व्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळालं. १९६६ साली मंगला राजवाडे यांच्याशी लग्न झालं. मंगलाताई स्वतः गणितज्ञ. त्यांचा केंब्रिजमधला संसार, देशोदेशींचे प्रवास आणि तिथं भेटलेली माणसं हे सगळं वाचायचं असेल तर त्यांचं ‘पाहिलेले देश, भेटलेली माणसं’ हे पुस्तक मिळवा. संसार आणि मुली सांभाळून त्यांनी १९८१ साली पीएच.डी. पूर्ण केली, हेही इथं सांगायला हवं. त्या २०२३च्या जुलैमध्ये गेल्या.

१९७२ साली हे कुटुंब भारतात परतलं. आणि दोनच वर्षांनी ‘कृष्णविवर’ लिहिली गेली.

इथं जरा थांबू या. पंधरा वर्षं इंग्लंड, सगळा व्यवहार इंग्रजीत. त्याआधी एकोणीस वर्षं बनारस, शाळा हिंदीत. मग या माणसानं कथा लिहायला घेतली ती मराठीत कशी? इंग्रजीत लिहिली असती तर प्रकाशक दारात उभे राहिले असते.

मला वाटतं, याचं उत्तर त्यांच्या कथांच्या नावांतच सापडतं. ‘यक्षांची देणगी’, ‘अंतराळातील भस्मासुर’, ‘वामन परत न आला’, ‘उजव्या सोंडेचा गणपती’. विषय अत्याधुनिक, आणि नावं आजीच्या गोष्टीतली. घरात लहानपणी जे कानावर पडलं, ते शब्द त्यांनी नव्या विज्ञानाला दिले.

‘उजव्या सोंडेचा गणपती’ घ्या. मराठी घरात हे नाव उच्चारलं की लगेच कुणीतरी म्हणतं, ‘अहो, उजव्या सोंडेचा फार कडक असतो, त्याचं सोवळं सांभाळायला लागतं.’ प्रभादेवीचा सिद्धिविनायक उजव्या सोंडेचा. घरातल्या मूर्ती सहसा डाव्या. आता कथेतली कल्पना अशी, की अवकाशात एक विशिष्ट पीळ असेल तर त्यातून फेरी मारून आलेली वस्तू आरशातल्यासारखी उलटी होऊन येईल. डाव्याचं उजवं. हे पटत नसेल तर घरी करून बघा. पातळ पारदर्शक कागदाची एक लांब पट्टी घ्या, एक पीळ देऊन टोकं चिकटवा. तिच्यावर डाव्या हाताच्या पंजाचं छोटं चित्र सरकवत सरकवत एक फेरी पूर्ण करा. परत आलेला पंजा उजव्या हाताचा दिसेल! मोबियसची पट्टी म्हणतात तिला. नारळीकरांनी हे गणित सांगायला क्रिकेटचा सामना घेतला आणि गणपतीची मूर्ती घेतली. मराठी माणसाला डाव्या-उजव्यातला फरक कुठं चटकन कळतो, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

दुसरी कथा ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. ही आपल्यापैकी अनेकांच्या मुलांनी, भाच्या-पुतण्यांनी वाचलेली असेल, त्यांना माहीत नसताना. एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात ती ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावानं आहे. दुबई, मस्कत, कुवेतला सीबीएसईच्या शाळेत शिकलेल्या मुलांनी ती परीक्षेसाठी पाठ केलेली असते.

पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे. पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली असती तर काय झालं असतं, याचा विचार डोक्यात चालू असताना त्यांना एका ट्रकची धडक बसते, आणि ते जागे होतात ते नेमक्या त्याच जगात. त्या जगात विश्वासरावांना लागणारी गोळी थोडक्यात चुकलेली आहे. मराठ्यांचं राज्य टिकलेलं आहे. इंग्रजांकडे उरलीये ती मुंबई.

गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला निघतात. कर्जत ओलांडल्यावर गाडी एका स्टेशनवर थांबते, नाव सरहद, आणि गणवेशातला एक माणूस येऊन परवाने तपासतो. इथून ब्रिटिश राज्य सुरू! पुणे-मुंबई प्रवासात परवान्याची तपासणी! हीथ्रोच्या रांगेत कागदपत्रांची फाइल छातीशी धरून उभं राहिलेल्या माणसाला हे वाचताना हसूही येतं आणि पोटात गोळाही येतो. मुंबईत उतरल्यावर पंतांना काय दिसतं? बूट्स, वूलवर्थ, लॉइड्स, बार्कलेज. इंग्लंडच्या कुठल्याही गावातला हाय स्ट्रीट उचलून फोर्टात आणून ठेवलेला. हे वर्णन पंधरा वर्षं केंब्रिजमध्ये किराणा आणलेल्या माणसाचंच असू शकतं. पंत मुलाला शोधायला त्याच्या कचेरीत जातात. त्या नावाचा माणूस इथं कुणी नाही, असं उत्तर मिळतं. शहर ओळखीचं, इमारती ओळखीच्या, आणि आपलं माणूस मात्र नोंदीतच नाही. बऱ्याच वर्षांनी आपल्या जुन्या गल्लीत गेलेल्याला ही भावना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मग पंत टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून इतिहास कुठं वळला ते शोधतात. संध्याकाळी आझाद मैदानावर सभेत जातात. व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची नाही, हे बघून न राहवून स्वतः वर चढतात, आणि लोक त्यांच्यावर हाताला येईल ते फेकतात. पंतांचं पानिपत होतं!

इंग्रजी पुस्तकात हा विनोद नाही. तिथं नाव नुसतं ‘साहस’. पानिपत होणं म्हणजे दाणादाण उडणं, हे मराठीत लहान मुलालाही कळतं. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी. ‘विश्वास तर पानिपतातच गेला’ हे वाक्य ज्यानं घरात ऐकलंय, त्याला कथेतली ती चुकलेली गोळी वेगळीच लागते. इंग्रजीत वाचणाऱ्या मुलाला कथा कळते, विज्ञान कळतं, परीक्षेत गुणही मिळतात. पण अडीचशे वर्षांपूर्वीची जखम एका भाषेच्या रोजच्या बोलण्यात कशी शिल्लक राहिली, ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. ते पोचवायचं काम शाळा करणार नाही. ते घरातच व्हायला लागतं.

पुराणातली नावं वापरली म्हणून नारळीकरांनी पुराणात विज्ञान शोधलं, असं मात्र समजू नका. त्या बाबतीत ते अगदी ठाम होते. आपल्या पूर्वजांकडे विमानं होती, अस्त्रं होती, असं म्हणणाऱ्यांना ते पुरावा मागायचे. त्यांच्या ‘धूमकेतू’ कथेत कोलकात्याचे दत्तदा छोट्याशा दुर्बिणीतून एक धूमकेतू शोधतात. तो पृथ्वीवर आदळणार असं दिसतं. जगभरचे शास्त्रज्ञ गुपचूप यान पाठवून त्याची दिशा बदलतात. इकडे दत्तदांच्या घरी शांतीसाठी यज्ञ झालेला असतो, आणि संकट टळल्याचं सगळं श्रेय यज्ञाला मिळतं. पृथ्वी वाचली, पण दत्तदांचं घर काही बदललं नाही. लेखकानं हे कुठं आरडाओरडा करून सांगितलेलं नाही. २००८ साली नारळीकरांनी प्रत्यक्ष प्रयोगच केला. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिषांकडे पाठवल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं दिली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी पन्नास टक्के आली असती.

तर अशा या लेखकाची दखल साहित्याच्या जगानंही घेतली. १९७५च्या कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी आपल्या भाषणात या नव्या प्रवाहाचं कौतुक केलं. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे ही ती चार नगरं. आणि २०२१ साली नाशिकच्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. विज्ञानकथा लिहिणाऱ्याला हा मान प्रथमच मिळाला. प्रकृतीमुळे त्यांना तिथं जाता आलं नाही, पण बनारसच्या हिंदी शाळेतल्या मुलासाठी हा प्रवास काही थोडाथोडका नव्हता.

आपल्याकडे एक काळजी नेहमी ऐकू येते. ‘मुलं मराठीत उत्तर देत नाहीत हो. आपण मराठीत विचारतो, ती इंग्रजीत बोलतात. मग काय उपयोग?’ नारळीकरांची पहिली मराठी कथा आली तेव्हा ते छत्तिशीत होते. केंब्रिजच्या पंधरा वर्षांत या लेखकाचा पत्ताही नव्हता. पण भाषा होती. बनारसच्या घरात पेरलेली, मामाच्या फळ्याशेजारी, आईच्या बोलण्यात. घराघरांतून प्रत्येक मूल लेखक होईल असं नाही, आणि व्हायलाच हवं असंही नाही. पण पेरलंच नाही, तर उगवायची शक्यताच संपली.

जाता जाता एक शेवटची गोष्ट. पुण्यात नारळीकरांनी १९८८ साली आयुका ही संस्था उभी केली. व्याख्यानानंतर मुलं वह्या घेऊन त्यांच्याभोवती जमत, स्वाक्षरीसाठी. सर वहीत सही करत नसत. ते सांगायचे, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन, आणि त्या उत्तराखाली सही असेल. अशी कितीतरी पोस्टकार्डं महाराष्ट्रातल्या घरांत अजून जपून ठेवलेली आहेत.

या रविवारी एक करून बघा. फ्रिजवर एक कागद लावा. त्यावर मराठीत एक कोडं लिहा, वर मुलाची किंवा मुलीची आद्याक्षरं. उत्तर कुठल्याही भाषेत आलं तरी चालेल. पुढच्या रविवारी नवं कोडं.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत नमस्कार.